एका माणसाने उमेदवाराला किती द्यावं? गोव्याच्या २८ लाखांचा हिशेब

वाळवंटीकाठ:

नमस्कार मंडळी. साखळीजवळच्या आमच्या वाड्यावरचा एक मुलगा येत्या विधानसभेला अपक्ष उभा राहायचं म्हणतो. मुलगा म्हणजे आता ३४ वर्षांचा आहे, पण मी त्याला सातवीत गणित शिकवलंय, त्यामुळे माझ्या तोंडी तो मुलगाच. एकदा पंच होता. ग्रामसभेत कागद घेऊन उभा राहतो, डोंगर कापायचा परवाना कुणी कधी दिला ते तारखेसकट विचारतो. घरची परिस्थिती साधारण.

निवृत्तीच्या पैशांतले ५० हजार त्याला द्यायचे मी ठरवले. मनात आलं, निवडणुकीत देणगी द्यायला काहीतरी कमाल मर्यादा असेल, आपल्या हातून ती ओलांडली जाऊ नये. म्हणून चौकशी केली. तर कळलं की मर्यादाच नाही. मी कितीही देऊ शकतो.

त्याच आठवड्यात तो संध्याकाळी घरी आला. एका जमीन व्यावसायिकाने त्याला १० लाख देऊ केले आहेत. रोख नव्हे, चेकने. अट काही नाही. ‘तू चांगला मुलगा आहेस, लढ’, एवढंच म्हणाला म्हणे. मुलाने मला विचारलं, “सर, घेऊ का?” आणि मला उत्तर देता आलं नाही.

कायद्याच्या नजरेत मी आणि तो व्यावसायिक सारखेच. दोघेही देणगीदार, दोघेही चेक देणारे. पण सारखे नाही आहोत हे मला आतून जाणवतं. फरक नेमका कुठे आहे तो मांडून दाखवा. इथे कायदा जाणणारे, हिशेब लिहिणारे, गावोगावच्या निवडणुका पाहिलेले लोक आहेत म्हणून विचारतोय.

हिशेबनीस:

सर, आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण याबाबत लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे. मडगावात मी काही उमेदवारांचे हिशेब लिहिले आहेत.

आपल्याकडे मर्यादा आहे ती उमेदवाराने किती खर्चावं यावर. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ७७, आणि १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला नियम ९०. गोव्यात विधानसभेला २८ लाख आणि लोकसभेला ७५ लाख. हे आकडे जानेवारी २०२२ पासूनचे. २०१४ मध्ये आपल्या विधानसभेचा आकडा २० लाख होता, २०२० मध्ये १० टक्के वाढून २२ लाख झाला, मग २८. देणाऱ्याने किती द्यावं यावर मात्र वरची रेघ नाही. म्हणजे २८ लाखांचा सगळा खर्च एकाच माणसाच्या एका चेकातून झाला तरी एकही कलम मोडत नाही.

देण्याच्या पद्धतीवर बंधनं आहेत. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उमेदवाराने निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडायचं आणि सगळा पैसा त्यातून फिरवायचा. एका माणसाकडून संपूर्ण निवडणुकीत मिळून १० हजारांपेक्षा जास्त रोख घ्यायची नाही, त्यावरचं सगळं चेकने किंवा बँकेतून. एका माणसाला द्यायचा खर्चही १० हजारांवर गेला की तसाच. तुम्ही त्याला जीप वापरायला दिलीत तर तिचं बाजारभावाने भाडं त्याच्या खर्चात धरलं जातं. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. दिला नाही तर कलम १०अ खाली निवडणूक आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मर्यादेबाहेर खर्च केला तर कलम १२३(६) प्रमाणे तो भ्रष्ट आचार, त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय तुम्ही आपल्या खिशातून त्याच्यासाठी सभा किंवा जाहिरात केलीत तर तो तुमचा गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १७१एच होतं आणि दंड ५०० रुपये. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १७६, दंड १० हजारांपर्यंत.

करसवलतीची आशा ठेवू नका. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात कलम ८०जीजीसी खाली व्यक्तीला जी वजावट मिळत आली ती नोंदणीकृत पक्षाला किंवा निवडणूक न्यासाला दिलेल्या देणगीवर, तीही रोखीने नसेल तरच. अपक्षाला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही.

दूरदेशी:

मी इंग्लंडात स्विंडनला असतो, मूळ बाणावलीचा. हा धागा वाचून विचारावंसं वाटलं. इथे आमच्यासारखे कितीतरी गोंयकार आहेत ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. गावातल्या चांगल्या उमेदवाराला आम्ही १००-२०० पौंड पाठवले तर चालतात का? माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते. भावाचा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, तो कुवेतला असतो.

हिशेबनीस:

तुम्ही नाही पाठवू शकत, तुमचा भाऊ पाठवू शकतो.

विदेशी अभिदाय (विनियमन) कायदा २०१०, कलम ३ प्रमाणे निवडणुकीच्या उमेदवाराला आणि राजकीय पक्षाला परदेशी स्रोताकडून पैसा घेता येत नाही. परदेशी नागरिक हा परदेशी स्रोत, मग त्याचं घर, कुळदेव आणि चॅपेल गोव्यातलं का असेना. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. भावाचा पासपोर्ट भारतीय असेल तर तो अनिवासी असला तरी आपल्या बचतीतून, बँकेच्या मार्गाने देऊ शकतो. तुमचे पैसे भावाच्या नावावरून पाठवू नका, त्यात उमेदवारच अडकेल.

आपल्या गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे. एका आईची दोन मुलं, एकाला देता येतं, दुसऱ्याला नाही.

दूरदेशी:

समजलं. वाईट वाटलं, पण नियम पटतो. देव बरें करूं.

माटोळी:

वाळवंटीकाठ सर, मी पेडण्याची. आमचा महिलांचा बचतगट आहे. हिशेबनीस बाबांनी लिहिलेलं सगळं अर्ज भरल्यानंतरचं आहे आणि मला खरी काळजी अर्जाच्या आधीची आहे.

कलम ७७ मी मुद्दाम वाचलं. खर्च मोजायचा तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. म्हणजे काही आठवडे, फार तर दीड-दोन महिने. आता गोव्यात निवडणूक कधी सुरू होते ते आपण सगळे जाणतो. आदल्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला सुरू होते. घरोघरी पिशवी येते, आत नारळ, साखर, चणाडाळ, तेल. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाचा मान कुणीतरी घेतो. शिगम्याच्या रोमटाला, म्हणजे मिरवणुकीला, कपडे येतात, मुलांच्या क्रिकेट स्पर्धेला चषक येतो, बायकांना देवदर्शनाला नेणारी बस येते, जत्रेतल्या नाटकाला पडद्यापासून जेवणापर्यंत सगळं कुणाच्या तरी नावाने होतं. तो माणूस तेव्हा कायद्याने उमेदवार नसतोच. म्हणून यातला रुपयाही २८ लाखांत जात नाही.

आमच्या गटातल्या एका बाईने गेल्या खेपेला पिशवी परत केली. तिची सासू तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. सासूला त्यात लाच दिसली नाही, घरी आलेला देवाचा मान दिसला, आणि तो परत करणं तिला अपशकुन वाटलं. सर, देणगीची मर्यादा ठरवताना ह्या पैशाचं काय करायचं? पिशव्या वाटणाऱ्यालाही पैसा कुणीतरी दिलेला असतोच.

पाटोपूल:

मी पणजीत कायदा शिकतो. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण वाळवंटीकाठ सरांनी विचारलेली गोष्ट जगात एका मोठ्या खटल्यात उलटसुलट तपासली गेली आहे.

अमेरिकेने १९७४ मध्ये कायदा केला की एका माणसाने एका उमेदवाराला एका निवडणुकीत १,००० डॉलरच द्यावेत. त्याच कायद्यात उमेदवाराच्या खर्चावरही मर्यादा घातली. १९७६ मध्ये बकली विरुद्ध व्हॅलेओ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दोन तुकडे केले. देणगीवरची मर्यादा राखली, कारण मोठ्या देणगीतून देवाणघेवाणीचा भ्रष्टाचार होतो, किंवा होतोय असं लोकांना वाटतं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. खर्चावरची मर्यादा मात्र रद्द केली, कारण खर्च म्हणजे बोलणं आणि बोलण्यावर मर्यादा नको. आता तो देणगीचा आकडा महागाईप्रमाणे वाढतो. २०२५-२६ साठी ३,५०० डॉलर आहे, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीला वेगळे आणि मुख्य निवडणुकीला वेगळे.

आपण नेमकं उलटं केलं. खर्चावर मर्यादा घातली, देणगी मोकळी सोडली. तिथे देणाऱ्याचा हात धरतात, इथे घेणाऱ्याचा.

आपल्या खर्चाच्या मर्यादेचीही एक कथा आहे. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरा, नाहीतर मर्यादेला अर्थ राहत नाही. काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला, कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडलं आणि पक्षाचा व मित्रांचा खर्च बाहेर काढला. जवळजवळ २९ वर्षं ते तसंच राहिलं. २००३ च्या दुरुस्तीने ते बदललं, आता यादीतल्या प्रमुख प्रचारकांचा प्रवासखर्च तेवढा बाहेर राहतो. पण पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर किती खर्चावं याला आजही मर्यादा नाही.

पक्षांच्या देणग्यांबद्दलही थोडं. व्यक्तीने पक्षाला कितीही द्यावं. रोखीने २,००० पर्यंतच. वर्षात २० हजारांवर दिलं तर पक्षाने नाव जाहीर करायचं, कलम २९सी. कंपन्यांना १९६९ मध्ये पूर्ण बंदी आली, १९८५ मध्ये उठली आणि सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा बसली, २०१३ च्या कंपनी कायद्यात ती ७.५ टक्के झाली, २०१७ मध्ये काढूनच टाकली. २०१८ मध्ये देणाऱ्याचं नाव लोकांना न दाखवणारे निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रोखे रद्द केले आणि कंपन्यांची मर्यादा काढणंही घटनाबाह्य ठरवलं. कंपनीच्या देणगीला आज पुन्हा मोजपट्टी आहे. माणसाच्या देणगीला ती कधीच नव्हती.

रापणकार:

वाचतोय. मी मर्यादेच्या विरुद्ध आहे आणि कारण साधं आहे.

आज त्या व्यावसायिकाने १० लाखांचा चेक देऊ केलाय. मुलाने घेतला तर हिशेबाच्या कागदावर त्याचं नाव येणार. उद्या तुम्ही कायदा करा की एका माणसाने २५ हजारांवर देऊ नये. तो काय करील? आपल्या ४० कामगारांच्या नावाने २५-२५ हजार देईल. त्यातल्या निम्म्यांना आपण देणगी दिली हे ठाऊकही नसेल. किंवा सरळ रोख देईल. आज नाव दिसतंय ते उद्या दिसायचं बंद होईल. मी मच्छीमार संघटनेत २० वर्षं काढली, जाळ्याचे डोळे बारीक केले की मासळी कुठून जाते ते मी पाहिलंय.

दुसरं असं की अपक्षाला पैसा मिळायला मुळात माणसंच कमी. पक्षाच्या उमेदवाराला पक्ष देतो. सर, तुमच्या विद्यार्थ्याला एक मोठा देणगीदार मिळाला तर तो पक्षवाल्यांच्या तोडीला येतो. मर्यादा घालून तुम्ही त्याचेच पाय बांधाल.

पाटोपूल:

दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं अमेरिकेत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मर्यादा आणायची तर आपल्यालाही तो गुन्हा करावा लागेल. पण तुमचा अपक्षाबद्दलचा मुद्दा मी खोडू शकत नाही. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने सरकारी खर्चाने निवडणूक लढवायला मदत द्यावी असं सुचवलं, तेव्हाही ती मान्यताप्राप्त पक्षांनाच द्यावी, अपक्षांना नको, असंच म्हटलं होतं. अपक्षाला अर्जावर सूचकही दहा लागतात, मान्यताप्राप्त पक्षवाल्याला एक.

कुळागर:

मी फोंड्याकडचा, वय ७४. तरुणांनी कायदा छान मांडला. मी थोडं जुनं सांगतो.

आमचं घर कुळाचं. भाट, म्हणजे बागायतीची जमीन, दुसऱ्याचं, घाम आमचा. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली तेव्हा मी शाळकरी पोर होतो. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब खाणमालक. पैसा होता, आणि तो लपवलेला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९६४ ला, कूळ कायदा आला. खाणमालकाच्या सरकारने कुळाला जमिनीवर संरक्षण दिलं. १९७५ ला दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठी मुंडकार कायदा आला, तेव्हा भाऊसाहेब नव्हते, पण वाट त्यांनीच घातली होती. म्हणून पैसेवाला दिसला की तो वाईटच असं मानायला माझं मन तयार होत नाही. आमच्या घराला जमीन मिळाली ती एका पैसेवाल्यामुळे.

तेव्हा रापणकार म्हणतात त्यात तथ्य आहे. माणूस पाहा, रक्कम पाहू नका.

माटोळी:

कुळागर काका, आमच्या घरातही भाऊसाहेबांचा फोटो आहे, म्हणून आदरानेच लिहिते. भाऊसाहेबांजवळ पैसा त्यांचा स्वतःचा होता. त्यांना कुणाचं देणं फेडायचं नव्हतं. कूळ कायदा करताना एखादा भाटकार, म्हणजे जमीनदार, येऊन ‘मी तुला निवडणुकीला दिले होते’ असं त्यांना सांगू शकत होता का? सरांच्या विद्यार्थ्याचं तसं नाही. तो उद्या आमदार झाला आणि डोंगर कापायची तीच फाईल त्याच्यापुढे आली तर? व्यावसायिकाने अट घातलेली नाही हे खरं असेल. पण त्याचा फोन आला की हा उचलणार, आणि माझा आला तर म्हणेल नंतर करतो. अट घालावी लागतच नाही.

आणि रापणकार दादा, नाव कागदावर येतं ते कधी? निकालानंतर ३० दिवसांत. मत देऊन झालं, शपथ झाली, मग आम्हाला कळणार की पैसे कुणाचे होते. ते नाव मला मतदानाच्या आधी हवं.

रापणकार:

ताई, हे शेवटचं पटलं. आधी नाव दिसावं याला माझा विरोध नाही. मर्यादेला आहे.

हिशेबनीस:

निकालानंतरचं नावही लोक बघायला जात नाहीत. उमेदवाराच्या हिशेबात तीन जोडपत्रं असतात: स्वतःचे पैसे किती, पक्षाने दिले किती, आणि इतर व्यक्ती व कंपन्यांकडून देणगी किंवा कर्ज किती, नावांसकट. नियम ८८ प्रमाणे कुणीही नागरिक एक रुपया शुल्क भरून तो हिशेब पाहू शकतो, ठरलेलं शुल्क भरून साक्षांकित प्रतही घेऊ शकतो. मी ज्यांचे हिशेब लिहिले त्यांतल्या एकाचाही हिशेब बघायला कुणी आल्याचं माझ्या कानावर नाही.

आता गोव्यापुरता एक हिशेब मांडतो, कारण इतर राज्यांत बसून हा प्रश्न कळत नाही. २०२२ च्या विधानसभेला गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि मतदारसंघ ४०. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २९ हजार. २८ लाखांना २९ हजारांनी भागा, एका मतदारामागे ९७ रुपये खर्चायची कायदेशीर मुभा. शेजारी महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख, पण मतदारसंघात सरासरी तीन लाखांवर मतदार, तिथे डोक्यामागे १२-१३ रुपये होतात. आपल्याच लोकसभेला ७५ लाख आणि पावणेसहा लाखांच्या आसपास मतदार, तिथेही १३ रुपये. म्हणजे त्याच मतदारावर, त्याच गोव्यात, आमदारकीसाठी खासदारकीच्या सातपटीहून जास्त पैसा कायद्याने ओतता येतो. ही मर्यादा आवळण्यासाठी आहे असं म्हणवत नाही.

आणि मतदारसंघ लहान म्हणून फरकही लहान. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी.

कुळागर:

फोंड्याचे ते ७७ मला कोण सांगणार? मी तिथेच मत दिलं. त्या रात्री आमच्या वाड्यावर कुणी झोपलं नाही, दोन्ही बाजूंची माणसं एकाच अंगणात बसली होती. ७७ म्हणजे आमच्या वाड्यावरची तीन-चार मोठी घरं.

माटोळी बाय, तुझं उत्तर मी काल रात्री दोनदा वाचलं. भाऊसाहेबांचा पैसा त्यांचा होता, हे मी वेगळं काढून पाहिलंच नव्हतं. ७७ मतांनी जिंकणाऱ्याला प्रत्येक देणारा हा आपल्याला निवडून आणणाराच वाटणार. मला कोड्यात टाकलंस. स्वतःचा पैसा अमर्याद आणि दुसऱ्याचा मोजून असं केलं तर मग फक्त श्रीमंतच लढतील, हा प्रश्न मात्र माझ्यापुढे उरतोच.

पाटोपूल:

काका, तोच प्रश्न बकली खटल्यापासून अमेरिकेत उरलाय. उमेदवाराने स्वतःचा पैसा ओतण्यावरची मर्यादाही त्याच निकालात रद्द झाली, त्यामुळे तिथे गडगंज उमेदवाराला मोकळं रान आहे. आपल्याकडे तो निदान २८ लाखांच्या कुंपणात येतो. म्हणून मला वाटतं, खर्चाचं कुंपण ठेवून देणगीचंही घालावं. दोन्ही एकत्र. आकडा ठोक रुपयांत नको, त्या जागेच्या खर्चमर्यादेचा १ टक्का. गोव्यात विधानसभेला २८ हजार होतील.

देणगीच्या मर्यादेने सगळं सुटत नाही हेही खरं. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर तिथे कंपन्या आणि संघटनांनाही उमेदवाराला न विचारता बाहेरून हवा तेवढा खर्च करता येतो, आणि मोठा पैसा त्या वाटेने गेला. २०१४ च्या मॅककचन निकालाने एका माणसाने सगळ्या उमेदवारांना मिळून किती द्यावं ही एकूण मर्यादाही गेली. आपल्याकडे ती बाहेरची वाट कायद्याने बंद आहे, हिशेबनीस काकांनी सांगितलेलं कलम १७६. पण दंड १० हजार. ज्याच्याकडे १० लाख आहेत त्याला १० हजारांच्या दंडाची भीती कशी वाटावी?

माटोळी:

आणि मोजणी अर्जाच्या दिवसापासून सुरू न होता एक वर्ष आधीपासून झाली पाहिजे. चवथीची पिशवी त्यात आली पाहिजे. त्याशिवाय तुमचा १ टक्का आमच्या गावात पोचणार नाही.

वाळवंटीकाठ:

आठ दिवस मी काही लिहिलं नाही, कारण मुलाशी तीनदा बसून बोललो. तुमचे सगळे प्रतिसाद छापून त्याला वाचायला दिले.

गणिताचा मास्तर म्हणून मी आधी वाटा काढला. २८ लाखांत १० लाख म्हणजे जवळजवळ ३६ टक्के, माझे ५० हजार म्हणजे पावणेदोन टक्के. बरं वाटलं. मग मुलाने सांगितलं, “सर, मी २८ लाख खर्चणारच नाही. माझा सगळा अंदाज ६ लाखांचा आहे.” तेव्हा छेद बदलला. ६ लाखांत माझे ५० हजार ८ टक्क्यांवर गेले. बारा देणगीदारांतला एक मी. व्यावसायिकाचे १० लाख तर त्याच्या अख्ख्या निवडणुकीपेक्षा जास्त.

खरं ते इथे सांगतो. माझी सून शिक्षिका आहे, तिची बदली व्हावी म्हणून घरात दोन वर्षं बोलणं चालू आहे. हा विद्यार्थी उद्या निवडून आला तर मी त्याला फोन करणार नाही असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. माटोळी ताई, तुम्ही फोनाचं लिहिलंत ते व्यावसायिकाबद्दल होतं, पण वाचताना मला माझाच फोन दिसला. फरक माणसात शोधत होतो, तो वाट्यात होता.

कायदा मर्यादा घालत नाही, पण आपली आपण घालायला कायद्याची आडकाठी नाही. काल रात्री त्याच्या पडवीत पंचवीसेक माणसं बसली होती. ठरलं ते असं. त्याच्या अंदाजाच्या १ टक्का, म्हणजे एका घराकडून ६,००० पेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. रोख ५०० पर्यंत, त्यावरचं बँकेतून. प्रत्येक देणाऱ्याचं नाव आणि रक्कम त्याच्या घराच्या पडवीतल्या फळ्यावर लिहायची आणि ती मतदानाच्या दिवसापर्यंत पुसायची नाही. शेवटच्या गोष्टीवर खूप वाद झाला. काही जण म्हणाले, आमचं नाव दिसलं तर दुसरा निवडून आल्यावर आमची कामं अडतील. खोटं नाही ते. दोघांनी त्यामुळे द्यायचं नाकारलं आणि मुलाने त्यांना हात जोडून सांगितलं की मतच द्या, ते गुप्त असतं.

व्यावसायिकाकडे तो स्वतः जाऊन आला. म्हणाला, ६,००० द्या, तुमचंही नाव फळ्यावर लिहितो. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

१०० घरांनी ६,००० दिले तर ६ लाख होतात. पण आमच्याकडची बरीच घरं ५०० आणि १,००० देणारी आहेत, तेव्हा हजारभर दारं चढावी लागतील. रापणकार म्हणाले तसं त्याचे पाय बांधले गेलेत, हे मला मान्य आहे.

रापणकार:

सर, मतभेद आहे तो आहे. पण नावं आधी फळ्यावर लावणारा उमेदवार मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही. माझा मतदारसंघ तो नव्हे. तरी माझे ५०० लिहा, आणि नाव ठळक लिहा.

हिशेबनीस:

सर, एक व्यवहाराचं सांगतो. निवडणुकीचं खातं अजून उघडलेलं नसणार, तेव्हा आत्ताच पैसे गोळा करून त्याच्या रोजच्या बचत खात्यात टाकू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५० हजारांवर बिनमोबदला रक्कम आली की ती आयकरात उत्पन्न धरली जाते, आणि पक्षाला असते तशी सूट अपक्ष माणसाला नाही. हे त्याला आधीच समजावून सांगा, कर सल्लागाराकडून लेखी घ्या. आता नुसती नावं आणि शब्द घ्या. खातं उघडलं की त्यात जमा करा, आणि प्रत्येकाला अनुक्रमांकाची पावती द्या, ५० रुपयांचीही. जोडपत्र भरताना त्याच पावत्या लागतील.

वाळवंटीकाठ:

पावतीपुस्तकं साखळीच्या छापखान्यात सांगितली आहेत, १०० पावत्यांची १२ पुस्तकं. त्याचे पैसे मी माझ्या खिशातून देतोय, तेवढं चालेल ना?

हिशेबनीस:

बिल मुलाच्या नावावर घ्या आणि जपून ठेवा. पुस्तकं अर्ज भरल्यानंतर वापरली जाणार, तेव्हा छपाईचा खर्च त्याच्या हिशेबात येईल. आणि तेवढी रक्कम तुमच्या ६,००० मधून वजा करा.